उंचीचा वारसा



शाळेंत दरसाल मुलांची उंची भिंतीवर खूण करून मोजण्याचें काम मीं पुष्कळ वर्षें केलें. एका वर्षीं एक मुलगा मागच्या खुणेच्या वीतभर वर गेला. सर्वांनीं त्याचें कौतुक केलें. डोकें दुखतें, फळा नीट दिसत नाहीं, असें तो सांगे. तें मीं सबब समजून सोडून दिलें. ती माझी चूक होती.

मेंदूच्या तळाशीं, नाकाच्या मुळामागें, वाटाण्याएवढी एक ग्रंथि असते. तिला पीयूषिका म्हणतात. शरीराची वाढ करणारा रस ती रक्तांत सोडते. तिच्यांत गाठ झाल्यास हा रस कधीं कधीं प्रमाणाबाहेर स्रवूं लागतो. बालपणीं तसें झालें तर उंची भलतीच वाढते. मोठेपणीं झालें तर हातपाय व जबडा रुंदावतो, अंगठी घट्ट होते, चपलेचें माप वाढतें. ही गाठ कर्करोगाची जवळजवळ कधींच नसते. परंतु दृष्टीच्या नाड्यांवर दाब पडला कीं नजर मंदावते.

हा रोग वंशांत उतरतो काय? १७६१ सालीं उत्तर आयर्लंडांत जन्मलेला चार्ल्स बर्न साडेसात फुटांहून उंच होता. लंडनांत लोक पैसे देऊन त्यास पाहत. १७८३ सालीं, अवघ्या बाविसाव्या वर्षीं, तो वारला. जॉन हंटर या शस्त्रवैद्यानें त्याच्या इच्छेविरुद्ध त्याचा सांगाडा जतन केला. १९०९ सालीं हार्वे कुशिंग यांनीं त्याची कवटी तपासली. ग्रंथीची खोबण रुंदावलेली आढळली. पुढें २००६ सालीं फिनलंडांतील संशोधकांना ‘एआयपी’ नांवाच्या जनुकांतील दोष सांपडला. २०११ सालीं मार्टा कोर्बोनिट्स व त्यांच्या सहकाऱ्यांनीं बर्नच्या दातांतून जनुकद्रव्य काढलें, तेव्हां त्याच जनुकांतील जो दोष त्यांत दिसला, तोच उत्तर आयर्लंडांतील चार हयात कुटुंबांतहि निघाला!

आपल्या सोलापुरी चादरीचेंच उदाहरण घ्या. जॅकार्डच्या पत्त्यावर एक भोंक चुकीचें पडलें, तर त्या पत्त्यावरील प्रत्येक चादरींत तीच चूक उमटते. जनुकाचेंहि कांहींसें असेंच आहे. मात्र एक भेद आहे. सदोष जनुक आईबापांपैकीं एकाकडून मुलास मिळण्याचा संभव निम्मा असतो, आणि तें मिळालेल्यांपैकीं बहुतेकांस गाठ होतच नाहीं. शिवाय या गाठीच्या शंभर रोग्यांत कुटुंबाचा वारसा असलेले सुमारें पांचच.

म्हणून भिण्याचें कारण नाहीं, पाहण्याचें आहे. एकाच घरांत दोघांना ही गाठ झाली असेल, किंवा ती कोवळ्या वयांत झाली असेल, तर जनुकाची तपासणी करण्याविषयीं वैद्यांस विचारावें. दोष आढळल्यास भावंडांचीहि तपासणी होते व मुलांच्या वाढीवर लक्ष ठेवतां येतें. गाठ वेळीं सांपडली तर नाकावाटें शस्त्रक्रिया करून ती काढतां येते; औषधेंहि आहेत.

भिंतीवरची खूण एकाएकीं फार वर गेली, तर कौतुक अवश्य करा. पण त्या मुलाला फळा नीट दिसतो काय, हेंहि विचारा.