ओव्हरस्पीडिंगचं ई-चलान आलंय? भरायचं की तक्रार करायची, हे ठरवण्याआधी काय तपासाल

मोबाईलवर मेसेज येतो: तुमच्या वाहनाने वेगमर्यादा ओलांडली, दंड 2000 रुपये. मग घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, "भरून टाक, कशाला कटकट." दुसरा म्हणतो, "अजिबात भरू नको, लोक अदालतीत कमी होतं." गंमत म्हणजे दोघांनीही चलानाचा फोटो उघडून पाहिलेला नसतो. आजच्या लेखात आपण तो फोटो आणि त्यामागचं मशीन समजून घेणार आहोत, कारण भरायचं की लढायचं याचं उत्तर बहुतेक वेळा तिथेच असतं.

सगळ्यात आधी, चलान खरं आहे का?

व्हॉट्सॲपवर "आरटीओ चलान" नावाची एपीके फाईल आली असेल तर ती उघडू नका. ते चलान नाही, तुमच्या बँकेच्या ओटीपीवर डोळा ठेवणारं ॲप आहे. खरं चलान बघायला कुठलीही फाईल इन्स्टॉल करावी लागत नाही. मेसेजमधल्या लिंकवर न जाता स्वतः ब्राउझरमध्ये महाट्रॅफिक ई-चलानची सरकारी वेबसाईट उघडा (पत्त्याच्या शेवटी "जीओव्ही डॉट इन" आहे ना, हे बघा) किंवा महाट्रॅफिक ॲप वापरा. गाडीचा नंबर आणि चेसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार अंक टाकले की चलान दिसतं. तिथे नसेल तर केंद्राच्या ई-चलान परिवहन पोर्टलवर बघा. दुसऱ्या राज्यातलं चलान तिथे सापडू शकतं. दोन्हीकडे काहीच नसेल तर तूर्तास विषय संपला.

चलान खरं निघालं की लगेच पैसे भरू नका. दंड भरणं म्हणजे कायद्याच्या भाषेत तडजोड. एकदा भरलं की प्रकरण बंद, नंतर "माझी गाडी नव्हतीच हो" म्हणून काही उपयोग नाही.

वेग मोजतात तरी कसा?

आपल्याकडे साधारण तीन पद्धती दिसतात, आणि प्रत्येकीची चूक होण्याची जागा वेगळी आहे.

पहिली रडारची. रेडिओ लहरी गाडीवर आदळून परत येताना त्यांची वारंवारिता बदलते, त्यावरून वेग काढतात. रडारचा झोत पुढे जाता जाता रुंद होतो. त्यामुळे शेजारच्या लेनमध्ये दुसरी गाडी असेल तर वेग नक्की कोणाचा, हा प्रश्न येऊ शकतो. फोटोत दोन गाड्या जवळजवळ बरोबरीने असतील तर हा मुद्दा लिहून ठेवा.

दुसरी लेझर गनची, म्हणजे इंटरसेप्टर गाडीतले पोलीस वापरतात ती. लेझरचा ठिपका बारीक असतो, त्यामुळे गाडी चुकण्याची शक्यता कमी. "ते बाजूला उभे होते, तिरकस मोजलं म्हणून वेग जास्त आला" असं बरेच जण सांगतात. हे उलटं आहे. रस्त्याकडेला उभं राहून तिरकस मोजलं तर मशीनला वेग कमीच दिसतो. 20 अंशाच्या कोनातून 100 ने जाणारी गाडी साधारण 94 दिसेल. तेव्हा हा मुद्दा तक्रारीत घालू नका, तो तुमच्याच विरोधात जातो.

तिसरी पद्धत लोकांना सगळ्यात जास्त चक्रावते: सरासरी वेग. रस्त्यावर दोन ठिकाणी कॅमेरे असतात. पहिला नंबरप्लेट वाचून वेळ नोंदवतो, दुसरा पुन्हा नोंदवतो. अंतर भागिले वेळ, झाला वेग. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर जुलै 2024 मध्ये सुरू झालेल्या आयटीएमएस यंत्रणेत एका जागी वेग मोजणारे आणि सरासरी काढणारे, असे दोन्ही प्रकार आहेत.

माझा मेव्हणा याच कारणावरून तावातावाने भांडत होता. "कॅमेऱ्याखाली मी 90 वर होतो, मला चांगलं आठवतंय!" असेलही. पण सरासरीत कॅमेऱ्याखालचा वेग बघतच नाहीत. 10 किलोमीटरचा टप्पा 100 च्या वेगाने कापायला बरोबर 6 मिनिटं लागतात. गाडी 5 मिनिटं 12 सेकंदांत पोचली तर सरासरी 115 होते, मग कॅमेरा दिसल्यावर तुम्ही ब्रेक मारलेला असो वा नसो. घड्याळात एखाद्या सेकंदाची चूक धरली तरी एवढ्या लांब टप्प्यात आकडा 115 च्या आसपासच राहतो. टप्पा 500 मीटरचा असता तर गोष्ट वेगळी होती: तिथे 100 ने 18 सेकंद लागतात, आणि एका सेकंदाच्या चुकीने वेग 106 दिसेल. मेव्हण्याचा टप्पा लांब होता, फोटो दोन्ही त्याच्याच गाडीचे होते, मागच्या काचेवरचा स्टिकरसुद्धा दिसत होता. मी त्याला सांगितलं, भर. त्याने दोन दिवस फुगून बसून भरले.

आणखी एक: "माझ्या स्पीडोमीटरवर 98 च होतं." स्पीडोमीटर मुळात खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवणार नाही, असेच बनवतात, थोडा जास्तच दाखवतात. म्हणून काटा 98 वर आणि मशीन 110 सांगतंय, एवढी तफावत असेल तर खरंच काहीतरी गडबड आहे. पण गाडीला कंपनीच्या मापापेक्षा मोठे टायर बसवले असतील तर गडबड तुमच्या बाजूला असू शकते. डॅशकॅममध्ये जीपीएसचा वेग नोंदला जात असेल तर ती क्लिप लगेच काढून ठेवा. बहुतेक डॅशकॅम काही दिवसांत जुनं रेकॉर्डिंग पुसतात.

कायदा मशीनकडून काय मागतो

मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 183 मध्ये एक महत्त्वाची ओळ आहे. केवळ एका साक्षीदाराच्या "मला वाटतं गाडी जोरात होती" या मतावर कोणालाही दोषी ठरवता येत नाही. ते मत यांत्रिक किंवा इलेक्ट्रॉनिक उपकरणाच्या मोजमापावर आधारलेलं पाहिजे. म्हणजे मोजमाप हाच या गुन्ह्याचा कणा आहे, आणि ते मागायचा तुम्हाला अधिकार आहे.

ऑगस्ट 2021 मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत 167ए हा नियम आला. त्यानुसार उपकरणाला मान्यतेचं प्रमाणपत्र लागतं आणि ते दरवर्षी नव्याने घ्यावं लागतं. कॅमेऱ्याची नजर असलेल्या भागाआधी तसा इशारा देणारा फलक लागतो. चलानासोबत नंबरप्लेट आणि गुन्हा स्पष्ट दाखवणारा फोटो, उपकरणाने मोजलेला आकडा, तारीख, वेळ, जागा आणि कुठलं कलम मोडलं ते हवं. इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्रही हवं (पूर्वी पुरावा कायद्याचं कलम 65बी, 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम 63). गुन्ह्यापासून 15 दिवसांत नोटीस पाठवायची, असंही त्यात आहे.

माझं मत विचाराल तर, फक्त "नोटीस 16 व्या दिवशी आली" एवढ्या एका मुद्द्यावर अख्खी लढाई उभी करू नका. दुसरा ठोस मुद्दा असेल तर हा सोबत जोडा. वेगमर्यादेच्या फलकाचं मात्र वजन आहे. सरकारने एखाद्या भागात मर्यादा कमी केली तर तिथे तसा फलक लागतो. फलक पडलेला, झाडामागे झाकलेला किंवा कामामुळे काढून ठेवलेला असेल तर तारखेसह फोटो काढा. चलानावर लिहिलेली मर्यादा तुमच्या प्रकारच्या गाडीची आहे ना, हेही बघा. कार आणि ट्रक यांची मर्यादा वेगळी असते, दंडही वेगळा असतो.

जिथे लढायलाच हवं

आमच्या सोसायटीत एक काका दुसऱ्याची टुरिस्ट गाडी चालवतात. गाडीमालकाला एका महामार्गावरचं चलान आलं आणि त्याने सरळ सांगितलं, पगारातून कापणार. काकांसाठी प्रश्न 2000 चाच नव्हता. कलम 183 खाली दुसऱ्यांदा गुन्हा झाला तर लायसन्स जप्त होण्याची तरतूद आहे, आणि लायसन्सवरच त्यांचं घर चालतं. त्यांनी मला फोन दाखवला. फोटो झूम केला तर गाडी पांढरीच होती, पण मॉडेल वेगळं. नंबरप्लेटवर चिखल होता आणि मशीनने 3 चा 8 वाचला होता.

नंबर वाचणारं सॉफ्टवेअर अक्षराचा आकार ओळखतं. मळकी किंवा फॅन्सी प्लेट, मध्येच घातलेला स्क्रू यांमुळे 8 आणि बी, 0 आणि डी यांत गफलत होते. कधी कोणी दुसऱ्याचा नंबर मुद्दाम लावून फिरतं. तसं वाटलं तर चलानाच्या तक्रारीसोबत पोलीस ठाण्यातही लेखी कळवा, कारण उद्या त्या नंबरवर याहून मोठं काही येऊ शकतं.

काकांच्या बाबतीत आम्ही फास्टॅगचं स्टेटमेंट काढलं. त्या तासाला गाडीने भलत्याच जिल्ह्यातला टोल भरलेला होता. आरसीवरचं मॉडेल, गाडीचा समोरून-मागून फोटो आणि हे स्टेटमेंट जोडून मालकाच्या नावाने तक्रार टाकली. मजकूर एवढाच ठेवला: "चलान क्रमांक अमुक मधील फोटोतील वाहन आमचे नाही. मॉडेल वेगळे आहे, नंबरचा चौथा अंक चुकीचा वाचला आहे. त्या वेळी आमचे वाहन अमुक टोलनाक्यावर होते, पुरावा सोबत. चलान रद्द करावे." कुठेही राग नाही, व्यवस्थेवर भाषण नाही. काही आठवड्यांनी चलान रद्द झालं आणि पगार पूर्ण मिळाला.

तक्रार कुठे, आणि पुढे काय

महाट्रॅफिकच्या वेबसाईटवर आणि ॲपवर तक्रारीचा पर्याय आहे. तक्रार टाकल्यावर आलेल्या क्रमांकाचा स्क्रीनशॉट ठेवा. उत्तर आलं नाही तर तोच मजकूर छापून संबंधित वाहतूक शाखेत द्या आणि पोच घ्या. तिथेही फेटाळलं तर मार्ग न्यायालयाचा. प्रकरण व्हर्च्युअल कोर्टात गेलं असेल तर तिथे दंड भरण्याचा आणि आव्हान देण्याचा, असे दोन पर्याय दिसतात. आव्हान निवडलं की प्रकरण नेहमीच्या न्यायालयात जातं आणि तारखेला हजर राहावं लागतं. इथे हिशोब स्वतः करा: दोन सुट्ट्या, प्रवास आणि वकील यांपुढे 2000 रुपये किरकोळ वाटतील. पण लायसन्सवर पोट असेल, किंवा गाडीच तुमची नसेल, तर हिशोब पैशांचा राहत नाही.

आणि लोक अदालत? ती तडजोडीची जागा आहे. फोटो तुमचाच असेल आणि जुनी चलानं साचली असतील तर तिथून नोटीस आल्यावर जरूर जा. पण "गाडी माझी नव्हती" म्हणणाऱ्याने तिथे अर्धा दंड भरून येणं मला पटत नाही.

नुसतं दुर्लक्ष करून बसू नका. गाडी विकायला काढली, दुसऱ्याच्या नावावर करायची वेळ आली की जुनं चलान हमखास आडवं येतं, आणि तोपर्यंत डॅशकॅमची क्लिप गेलेली असते. भरायचं ठरलंच तर सरकारी पोर्टलवरूनच भरा आणि पावतीची पीडीएफ आरसीच्या फोटोसोबत सेव्ह करा. भरलेलं चलान पोर्टलवर काही काळ "बाकी" दिसू शकतं. अशा वेळी पुन्हा पैसे भरू नका. पावतीवरचा व्यवहार क्रमांक टाकून त्याच तक्रारीच्या पर्यायातून कळवा.