सॉफ्टवेअरवाल्यांचा शनिवारचा कट्टा
- विशेष प्रतिनिधी

पुणे : न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ मध्ये सुरू केलेल्या वसंत व्याख्यानमालेच्या या शहरात आणखी एका प्रकारची व्याख्याने होत असतात. त्यांचे फलक चौकात लागत नाहीत. शनिवारी सकाळी एखाद्या कंपनीच्या किंवा महाविद्यालयाच्या सभागृहात पाऊणशे-शंभर संगणक अभियंते जमतात. त्यांच्यापैकीच कोणीतरी बोलतो, बाकीचे त्याला प्रश्नांनी भंडावून सोडतात. या मेळाव्यांना 'मीटअप' म्हणतात. बहुतेकांना प्रवेशशुल्क नसते.

या प्रथेचे मूळ अमेरिकेत आहे. ५ मार्च १९७५ रोजी कॅलिफोर्नियातील मेनलो पार्क येथे एका गॅरेजमध्ये तीसेक हौशी मंडळी जमली आणि 'होमब्रू कॉम्प्युटर क्लब' जन्माला आला. स्टीव्ह वॉझ्नियाक यांनी आपल्या संगणकाचे आराखडे याच क्लबात मोफत वाटले होते. पुढे तोच संगणक 'ॲपल-१' म्हणून विकला गेला. २००५ मध्ये पालो आल्टो येथे 'बारकॅम्प' झाला. केवळ निमंत्रितांसाठी असलेल्या एका मेळाव्याला दिलेले ते उत्तर होते. वक्त्यांची यादी आधी ठरवायची नाही, वेळापत्रक त्याच दिवशी भिंतीवर लावायचे आणि आलेला प्रत्येक जण सहभागी मानायचा, असा त्याचा शिरस्ता. पुण्यातही बारकॅम्प झाले. २०११ मध्ये पायथन या संगणकभाषेची 'पायकॉन इंडिया' ही राष्ट्रीय परिषदही येथे भरली.

परिषदेचा थाट मोठा; पण शिकण्याच्या दृष्टीने लहान मेळावा अनेकदा सरस ठरतो. पुस्तकात प्रणाली कशी चालावी ते असते. मीटअपमध्ये ती मध्यरात्री का कोलमडली, डेटाबेस का अडकला आणि दोन दिवस चुकीच्या जागी शोध कसा घेतला गेला, हे त्या रात्री जागलेला माणूस सांगतो. कंपनीच्या गोपनीयतेमुळे काही तपशील गाळावे लागतात. तरीही जे उरते ते अभ्यासक्रमात सापडत नाही. लातूर-नांदेडकडून आलेल्या, शहरात कोणाची ओळख नसलेल्या नव्या अभियंत्याला अनुभवी माणसाच्या शेजारी बसून चहा घेता येतो, हा लाभ तर भाषणापेक्षाही मोठा. नोकरीची पहिली खबर पुष्कळदा चहाच्या टेबलावरच मिळते.

मात्र हाच नवखा बोलायला उठत नाही, ही या कट्ट्यांची खरी अडचण आहे. तेच चार-पाच वक्ते फिरून फिरून येतात, ते कंटाळले की मेळावे थंडावतात. जागा देणाऱ्या कंपनीने भाषणाची जाहिरात केली, तरी लोक पाठ फिरवतात. संकोचाचे मोठे कारण इंग्रजी. चहाच्या वेळी मराठीत अस्खलित समजावणारा तरुण माईकसमोर अडखळतो. वास्तविक तांत्रिक संज्ञा इंग्रजी ठेवून विवेचन मराठीत करण्यास कोणतीच आडकाठी नाही. श्रोत्यांत अमराठी मंडळी असतील तर पडद्यावरील मजकूर इंग्रजीत ठेवता येतो.

नवख्यांसाठी 'लाइटनिंग टॉक' ही सोय उत्तम. वेळ साधारण पाच मिनिटे, विषय एकच आणि घंटा झाली की थांबायचे. आपण सोडवलेली एखादी छोटी अडचण त्यासाठी पुरते. संयोजकांना आदल्या दिवशी कळवले तरी बहुधा जागा मिळते. कंपनीच्या प्रवेशद्वारावर नावांची यादी तपासली जाते. त्यामुळे आधी नोंदणी करावी आणि ओळखपत्र जवळ ठेवावे.