गाजरगवत फुलायच्या आधी उपटा

आपल्या शाळेच्या कुंपणाजवळ, रस्त्याच्या कडेला आणि शेताच्या बांधावर बारीक पांढऱ्या फुलांचे एक झाड दिसते. त्याला गाजरगवत म्हणतात. त्याची पानं गाजराच्या पानांसारखी कातरलेली असतात, म्हणून हे नाव पडले. कोणी त्याला काँग्रेस गवत म्हणतात, कोणी चटकचांदणी म्हणतात. नाव गवत असले तरी ते गवत नाही. सूर्यफूल, झेंडू, शेवंती यांच्या कुळातले ते झाड आहे.

हे झाड मूळचे आपल्याकडचे नाही. ते अमेरिका खंडातले, मेक्सिकोच्या बाजूचे आहे. परदेशातून आलेल्या धान्यातून त्याचे बी आपल्याकडे पसरले असे सांगतात. १९५५ साली ते पुण्यात लोकांच्या नजरेस आले. पुढे ते जवळजवळ सगळ्या भारतात पसरले.

ते एवढे का पसरले? एक कारण म्हणजे, त्याच्या मूळ देशात त्याला खाणारे किडे होते. इथे तसे कोणी नव्हते. आपली गुरंसुद्धा त्याला सहसा तोंड लावत नाहीत. दुसरे कारण म्हणजे त्याच्या मुळांतून व पानांतून एक रस जमिनीत उतरतो. त्यामुळे शेजारचे दुसरे बी नीट उगवत नाही. मग चांगले गवत कमी होते आणि गुरांचा चारा जातो.

तिसरे कारण त्याचे बी. त्याच्या एका बारीक फुलात ५ बिया असतात. आता गणित करा. एका झाडाला १,००० फुलं आली तर ५,००० बिया झाल्या. मोठ्या झाडाला तर १५,००० ते २५,००० बिया येतात. बी इतके हलके असते की वाऱ्याने उडते, ओढ्याच्या पाण्याने वाहते, गाडीच्या चाकाला आणि बैलाच्या खुराला चिखलाबरोबर चिकटून जाते. उगवल्यापासून साधारण महिन्याभरात झाड फुलायला लागते. पाणी मिळाले तर ते बाराही महिने उगवते.

या झाडापासून माणसाला त्रास होतो. अंगाला लागले की काहींना खाज सुटते, पुरळ येते. फुलांचे पराग नाकात गेले की शिंका येतात, काहींना दमा होतो. माझ्या आजीच्या हाताला आणि मानेला असेच पुरळ येते. भांगलण करताना गाजरगवत हाताला लागतेच. मग आजीला आठ-आठ दिवस कामावर जाता येत नाही आणि तिची मजुरी बुडते. गुरांच्या चाऱ्यात हे झाड गेले तर दुधाला कडवट वास येतो.

मग काय करावे? झाड फुलायच्या आधी उपटावे. पाऊस पडून गेल्यावर जमीन ओली असते, तेव्हा ते मुळासकट निघते. नुसते विळ्याने कापले तर बुडातून परत फुटते. उपटताना हातात प्लास्टिकची पिशवी घालावी, नाकाला रुमाल बांधावा, पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा. नंतर हातपाय साबणाने धुवावेत. ज्याला खाज किंवा दमा आहे, त्याने हे काम करू नये.

फुलं नसलेली झाडं खड्ड्यात शेण-माती घालून कुजवली की चांगलं खत होतं. पण फुलं आलेलं झाड उकिरड्यावर कधीच टाकू नका. त्याचे बी खतातून आपल्याच शेतात जाते. असे झाड खोल खड्ड्यात पुरावे.

गाजरगवत खाणारा एक भुंगेरा आहे. तो मेक्सिकोतून आणला आणि १९८४ साली बंगळूरला पहिल्यांदा सोडला. तो ज्वारीच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा असतो. रंग पांढुरका आणि पाठीवर तपकिरी नागमोडी रेघा. तो आणि त्याच्या अळ्या गाजरगवताची पानं खातात. पावसाळ्यात तो दिसतो, पाऊस संपला की जमिनीत जाऊन झोपतो. काही मुलं त्याला काडेपेटीत कोंडतात नाहीतर चिरडतात. तसं करू नका. तो आपलं काम फुकट करतो. जिथे भुंगेरे पानं खात आहेत तिथली झाडं त्यांच्यासाठी राहू द्यावीत.

आणखी एक उपाय म्हणजे टाकळा. पावसाळ्यात आपण त्याची भाजी खातो. टाकळा दाट उगवला की गाजरगवताला जागा आणि ऊन मिळत नाही. शेंगा वाळल्या की बी गोळा करून ठेवावे आणि पावसाळ्याच्या आधी मोकळ्या जागेत टाकावे.

एक वर्ष उपटून हे काम संपत नाही, कारण मातीतले बी काही वर्षे जिवंत राहते. एकट्यानेही संपत नाही. आपला बांध साफ केला आणि शेजारचा तसाच राहिला तर वाऱ्याने बी परत येते. म्हणून पालकांना माझी विनंती आहे की पहिला पाऊस झाला की सगळ्यांनी एकाच आठवड्यात आपापले बांध बघावेत. मुलांनो, आपण आपलं अंगण आणि पाणंद बघू. फूल दिसायच्या आधी झाड दिसलं पाहिजे!