जागलीचे दिवस

पहाटे चार

रोही (नीलगाई) वावरात शिरले की आवाज येत नाही. वारा नसताना तुरीचे शेंडे हलायला लागतात, त्यावरून कळतं. डिसेंबर महिना, शेंगा भरत आलेल्या. मचाणावरून उतरून बॅटरी मारली तर पुढे नर उभा. निळसर काळा, दोनशे किलोच्या वरचं धूड. मागे तांबूस माद्या आणि वर्षाच्या आतली पिल्लं. नराने मान वर केली आणि तोंडातला घास चावत माझ्याकडे पाहत राहिला. पत्र्याचा डबा बडवला तेव्हा कळप वळला आणि धुरा ओलांडून लेआउटच्या दिव्यांकडे निघून गेला.

माझं वावर यवतमाळच्या कडेला, निळोण्याच्या अंगाला आहे. एका बाजूला झुडपी जंगल, दुसऱ्या बाजूला प्लॉट. लोहारा, वाघापूर, उमरसरा, भोसा ही माझ्या लहानपणची खेडी आज नगरपरिषदेच्या हद्दीत आहेत. रोह्याला दाट जंगल नकोच असतं. त्याला पडीक रान, झुडपं आणि शेजारी पीक लागतं, आणि शहराच्या कडेला नेमकं तेच मिळतं. टिपेश्वरच्या अभयारण्यात वाघ त्याचा हिशोब ठेवतो. इथे तो हिशोब ठेवणारं कोणी नाही.

साडेपाचला थ्री फेज आली. मोटर सुरू करून हरभऱ्याला पाणी सोडलं.

सकाळी सात

उजाडल्यावर नुकसान पाहायचं. कोणी काय खाल्लं ते पिकावरूनच कळतं. रोही तुरीचा शेंडा आणि शेंगा ओरबाडून खातो, फांदी चिरफाळलेली दिसते. चितळ हरभऱ्याचे कोवळे घाटे आणि शेंडे खुडतं. रानडुक्कर खातो त्याहून जास्त नासतो. मुस्काटाने सरी उकरून ठेवतो, त्यात ठिबकच्या नळ्याही जातात. पूर्वेच्या धुऱ्यावर रोह्यांच्या लेंड्यांचा ढीग आहे. हे जनावर वारंवार त्याच जागी येऊन लेंड्या टाकतं, म्हणून ढीग वाढत जातो. वरच्या लेंड्या ओल्या आणि चकचकीत होत्या, खालच्या पांढऱ्या पडून भुसा झालेल्या. म्हणजे कळप नवा नाही. ही त्याची नेहमीची वाट आहे.

मोबाईलवर फोटो काढले. नुकसान झाल्यापासून तीन दिवसांच्या आत वन खात्याकडे तक्रार गेली पाहिजे. कापसाची वेचणी चालू असताना हे तीन दिवस कसे निघून जातात ते शेतकऱ्यालाच ठाऊक. केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं की, खरीप २०२६ पासून वन्यप्राण्यांनी केलेलं नुकसानही पीक विम्यात धरलं जाईल आणि त्याची खबर ७२ तासांत ॲपवर द्यायची. चांगली गोष्ट आहे. रात्रभर जागलेल्या माणसाला सकाळी रेंज मिळाली म्हणजे झालं.

सकाळी आठ

शेजारचा चहाला आला. माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, अडीच एकरांचा धनी. त्याचं अर्धं सोयाबीन रोह्यांनीच कोवळेपणी खाल्लं होतं. आता तूरही चालली. तो बराच वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, "भाऊ, आता तार टाकतो मी. एका रातीत निकाल लागते."

तार म्हणजे काय ते इथे सगळ्यांना माहीत आहे. धुऱ्याने खुंट्या ठोकायच्या, गुडघ्याच्या उंचीवर बाइंडिंगची उघडी तार ओढायची आणि मोटरच्या पेटीतून किंवा वरच्या लाइनवर आकडा टाकून तिच्यात सरळ करंट सोडायचा. सकाळी उठून तार गुंडाळली की पुरावा उरत नाही. त्या तारेला रोही, चितळ, काळवीट, गाभण मादी यातलं काहीच कळत नाही. शेजाऱ्याची म्हैस आणि पाणी द्यायला अंधारात निघालेला शेजारीही कळत नाही. विदर्भात वाघ अशा तारांवर मेले, माणसं मेली, आणि कित्येकदा मेलेला माणूस तार लावणाऱ्याच्याच घरचा निघाला. इथे तर शंभर पावलांवर लेआउट आहे. पोरं पतंगामागे धुऱ्यापर्यंत येतात.

मी त्याला सरळ सांगितलं, "तार टाकू नको. टाकली तं मीच आधी सांगन."

"मंग पोट कसं भरू, ते सांग."

ह्या प्रश्नाला माझ्याजवळ पुरतं उत्तर नव्हतं. पण मला एवढं पक्कं वाटतं की जनावर मारायचं असेल तर कोण मारतो, कशाने मारतो, का मारतो हे चारचौघांना माहीत असलं पाहिजे आणि मारणाऱ्याला त्याचा जाब देता आला पाहिजे. तार ह्यातलं काहीच होऊ देत नाही. कणकेच्या गोळ्यात बारूद भरून डुकराच्या वाटेवर ठेवतात, त्याचंही तेच. जबडा फुटलेलं जनावर दोन-दोन दिवस तडफडतं. त्याला शिकारसुद्धा म्हणता येत नाही.

सकाळी साडेदहा

पंचनाम्याला वनरक्षक मॅडम आल्या. तलाठी आणि कृषी सहायक दुपारपर्यंत येतील म्हणाल्या. त्यांच्या बीटमध्ये किती गावं, त्यांची गाडी कोणती, पेट्रोल कोणाचं, हे मी विचारलं नाही. त्या तुरीच्या ओळीतून चालल्या, खूर पाहिले, टेप लावला, ओरबाडलेली झाडं मोजली. काम नीट केलं. जाताना शेजाऱ्याने विचारलं, "मॅडम, मारायची परवानगी भेटते म्हणतात, ते खरं काय?"

खरं आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अकराव्या कलमात माणसाच्या जिवाला किंवा मालमत्तेला धोका असलेलं जनावर मारायची परवानगी देण्याची सोय आहे, आणि उभं पीक मालमत्तेतच धरलं आहे. त्याच आधारावर महाराष्ट्र सरकारने जुलै २०१५ मध्ये रोही आणि रानडुक्कर यांच्या पारधीच्या परवानगीचा अधिकार वनक्षेत्रपालांपर्यंत खाली आणला. शेतकऱ्याने अर्ज करायचा आणि चोवीस तासांत उत्तर मिळायला हवं. मेलेलं जनावर खात्याच्या ताब्यात द्यायचं. काळवीट आणि चितळ ह्या परवानगीत नाहीत, त्यांनी खाल्लं तर फक्त भरपाई.

कागद चांगला आहे. पण शेजाऱ्याकडे बंदूक कुठे आहे? गावात परवान्याच्या दोन-तीन जुन्या भरमार, त्यांचे मालक सत्तरीला टेकलेले. निवडणूक लागली की त्याही ठाण्यात जमा. आणि बंदूक असती तरी इथे डागायची कोणत्या दिशेला? रायफलची गोळी चुकली तर किलोमीटरभर जाते. पश्चिमेला प्लॉट, उत्तरेला रस्ता, दक्षिणेला वेचणीच्या बाया. अंधारात, थकलेल्या डोळ्यांनी, सराव नसलेल्या हाताने झाडलेली गोळी रोह्याच्या पोटात बसली तर तो मरत नाही, पळतो आणि कोणाच्या तरी विहिरीजवळ दोन दिवसांनी सापडतो. मारण्याचं काम सरकारने ज्याच्यावर सोडलं आहे, त्याच्याकडे त्याची साधनं नाहीत, शिक्षण नाही, आणि बहुतेकांचं मनही नाही. आमच्याकडे रोही मारला असं सांगायला माणूस चाचरतो.

दुपारी दोन

वेचणीच्या बाया बांधावर जेवायला बसल्या. त्या आता उन्हं वर आल्याशिवाय येत नाहीत आणि सूर्य कलायच्या आत निघतात. राळेगाव-पांढरकवड्याकडे टी-१ वाघिणीने माणसं मारली, तेव्हापासूनची ही सवय. ती वाघीण २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री गोळीने मेली. तिच्यासाठी देशभर लोक रस्त्यावर आले, न्यायालयात गेले. मला त्यात काही गैर वाटत नाही. पण तिच्या दहशतीच्या दोन वर्षांत राळेगावच्या शिवारात जागल बंद पडून रोह्या-डुकरांनी किती पीक नेलं, ह्याची चर्चा मी कुठे वाचली नाही.

दुपारी साडेतीन

पारधी बेड्यावरचे एक बुवा येतात, तसे आले. तुराट्या सरपणाला मागायला. त्यांच्या आजोबांनी फासे लावून काळवीट धरलेत. आता हातात फासा दिसला तरी पोलीस उचलतात. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी अशा जमातींना गुन्हेगार ठरवलं. तो कायदा १९५२ मध्ये गेला, संशय गेला नाही. बुवा तुरीत फिरले, खूर पाहिले आणि म्हणाले, "सात हायेत. दोन माद्या गाभण." मी रात्री बॅटरीत मोजले तेव्हा सातच होते. गाभण माद्यांचं मात्र मला कळलं नव्हतं. त्यांनी ते चिखलातल्या खुरांच्या खोलीवरून आणि पावलांच्या फाकण्यावरून ओळखलं.

पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळांनी महाराष्ट्रातल्या भटक्या जमातींचा अभ्यास करताना नोंदवलं आहे की फासेपारधी फाशात सापडलेली पाडसं आणि गाभण हरिणी सोडून देत. पुढे गाडगीळ उघडपणे म्हणू लागले की राखीव जंगलांबाहेर नियमाने शिकार होऊ द्यावी, स्वीडनसारख्या देशात होते तशी. त्यांचं सगळंच मला पटत नाही. हरणाचं मांस विकायला मोकळं झालं तर ते बेड्यावर पोचणार नाही, धाब्यावर पोचेल. पण ज्यांना जनावर कळतं त्यांना तुरुंग आणि ज्यांना तारेशिवाय काही येत नाही त्यांना परवानगीचा कागद, ही मांडणी उलटी आहे, हे मला बुवांच्या शेजारी उभं राहून स्पष्ट दिसतं. कळप कुठे आहे, कधी हलतो, कोणती मादी सोडायची, हे सांगणारी माणसं खात्याने पगारावर घ्यावीत. ती गावाच्या वेशीवरच राहतात.

सायंकाळी पाच

लेआउटमधली निवृत्त मंडळी फिरायला येतात. काहींच्या पिशवीत हरणांसाठी पोळ्या असतात. एका बाईंनी कौतुकाने फोटो दाखवले, चितळाचं पाडस त्यांच्या कंपाउंडपाशी. त्याच पाडसावर गेल्या आठवड्यात मोकाट कुत्री पडली. ती कुत्रीही त्याच पोळ्यांवर पोसलेली. हे मी त्यांना सांगितलं, जरा कठोर झालं असेल, पण सांगायलाच हवं होतं.

अमेरिकेतल्या उपनगरांत हाच तिढा आहे. बागा खाणारी, गाड्यांना धडकणारी पांढऱ्या शेपटीची हरणं. तिथे काही नगरं तिरंदाजांना उंच मचाणावर बसवतात. बाण खाली जमिनीतच जातो, शेजाऱ्याच्या खिडकीत नाही. न्यूयॉर्कजवळच्या हेस्टिंग्ज-ऑन-हडसनने २०१४ मध्ये माद्यांना गर्भनिरोधक लस देऊन पाहिली. लोक तिथेही भांडतात. पण भांडतात सभेत, आणि ठरतं ते कागदावर, दिवस आणि जागा सांगून. आपल्याकडे २०१६ च्या जूनमध्ये बिहारच्या मोकामा भागात बाहेरून आणलेल्या बंदूकवाल्यांनी काही दिवसांत दोनशेवर रोही पाडले. केंद्रातल्याच एका मंत्र्यांनी, मनेका गांधींनी, त्यावर जाहीर आक्षेप घेतला. रोह्याची मादी पुष्कळदा जुळी देते. एकदा पाडून मोकळं झालं आणि रान, पीक, वाट तशीच राहिली, तर जागा भरायला वेळ लागत नाही.

रात्री नऊ

कुंपणाचं झटका मशीन सुरू केलं. सेकंदाला एक ठोका, जनावर हटकतं, मरत नाही. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत सौर कुंपणाला ७५ टक्के अनुदान आहे. पण एकट्याने कुंपण केलं की कळप शेजाऱ्याच्या अडीच एकरांत उतरतो, आणि शेजाऱ्याला पुन्हा तार आठवते. म्हणून कुंपण शिवाराला हवं, सातबाऱ्याला नाही. ग्रामसभेपुढे मी हाच ठराव ठेवणार आहे: अख्ख्या शिवाराचं एक सौर कुंपण, कळपाची वाट मोकळी सोडून. भरपाई त्याच हंगामात. आणि मारायची वेळ आलीच तर खात्याचा शिकलेला माणूस, दिवसाउजेडी, लेआउटला आधी कळवून.

शहरातल्या वाचकांना दोन गोष्टी मागतो. हरणांना आणि मोकाट कुत्र्यांना प्लॉटच्या कडेला खाऊ घालू नका. आणि धुऱ्यावर उघडी तार किंवा लाइनवर आकडा दिसला तर हात न लावता 'हॅलो फॉरेस्ट'च्या १९२६ ह्या क्रमांकावर लगेच कळवा. तार माझ्या शेजाऱ्याची असली तरी कळवा.