जुना खेळ, नवं यंत्र: लिनक्सवरचा डॉस आणि 'तोच' या शब्दाचा अर्थ



तत्त्वज्ञानाच्या व्याख्यानात संगणकाचे खेळ कुठून आले, असं काहींना वाटलं असेल. पण 'तीच वस्तू' म्हणजे नेमकं काय, हा आमच्या शास्त्रातला फार जुना प्रश्न आहे. लिनक्सवर डॉसचा जुना खेळ चालवताना तो अगदी हाताशी येतो. तेव्हा आधी खेळ चालतो कसा ते पाहू, मग प्रश्नाकडे वळू.

ज्यांनी 1990 नंतर शाळा-कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये पाऊल टाकलं, त्यांना 'प्रिन्स ऑफ पर्शिया', 'डेंजरस डेव्ह', 'पॅराट्रूपर' ही नावं आठवत असतील. हे सगळे डॉसवरचे खेळ. त्यातली फाइल आज लिनक्सच्या मशीनवर आणली आणि क्लिक केलं, तर खेळ सुरू होत नाही. का होत नाही?

पहिलं कारण भाषेचं. प्रोग्रॅमला फाइल उघडायची असली, अक्षर छापायचं असलं, की तो ऑपरेटिंग सिस्टिमला हाक मारतो. डॉसमधली ही हाक ठरलेली असते, तिला 'इंटरप्ट 21' म्हणतात. लिनक्सची रीत वेगळी, त्याला ही हाक कळत नाही. दुसरं कारण स्वभावाचं. डॉसमध्ये एका वेळी एकच प्रोग्रॅम आणि सगळं घर त्याचंच. तो पडद्याच्या मेमरीत थेट लिहितो, स्पीकर थेट वाजवतो. लिनक्स म्हणजे एकत्र कुटुंब. तिथे शेकडो कामं एकाच वेळी नांदतात, त्यामुळे विचारल्याशिवाय कोठीघरात कुणालाच जाता येत नाही. शिवाय आजचा प्रोसेसर 64 बिट पद्धतीत चालू असला, की डॉसचे 16 बिटचे प्रोग्रॅम त्यांच्या मूळ रीतीनं चालवतच नाही.

मग करायचं काय? खेळाला हात लावायचा नाही, त्याच्याभोवती जुनं यंत्रच उभं करायचं, तेही सॉफ्टवेअरमध्ये. यालाच एम्युलेशन म्हणतात. 2002 पासून उपलब्ध असलेला 'डॉसबॉक्स' हा मुक्त प्रोग्रॅम हेच करतो. खेळातली एकेक आज्ञा वाचतो, जुन्या प्रोसेसरनं जे केलं असतं ते स्वतःच्या मेमरीत करतो आणि पुढच्या आज्ञेकडे जातो. व्हीजीए पडदा, साउंड ब्लास्टर, पीकपीक करणारा स्पीकर, खुद्द डॉस, सगळ्यांची सोंगं तो एकटा वठवतो. एक यंत्र दुसऱ्या यंत्राचं काम हुबेहूब करू शकतं, हे ॲलन ट्युरिंगनं 1936 मध्येच तात्त्विक पातळीवर दाखवलं होतं.

कृती सोपी आहे. उबुंटू किंवा डेबियन असेल तर टर्मिनलवर 'सुडो एपीटी इन्स्टॉल डॉसबॉक्स' अशी आज्ञा द्या, अर्थात रोमन अक्षरांत. खेळासाठी एक फोल्डर करा. डॉसला आठ अक्षरांपर्यंतचीच नावं समजतात, म्हणून आतली नावं छोटी आणि रोमन ठेवा. डॉसबॉक्स उघडून 'माउंट सी' आणि पुढे फोल्डरचा पत्ता लिहा. मग 'सी' आणि विसर्गासारखं कोलन टाकून एंटर दाबा, आणि शेवटी खेळाच्या फाइलचं नाव.

खेळ फार पळतोय असं वाटलं तर कंट्रोल आणि एफ 11 दाबून वेग कमी करा. कंट्रोल आणि एफ 12 नं तो वाढतो. ही गरज का पडते, बघा. 1981 च्या आयबीएम पीसीचा वेग 4.77 मेगाहर्ट्‌झ होता. त्या काळच्या कित्येक खेळांनी वेगळं घड्याळ पाहिलंच नाही, प्रोसेसरची चाल हेच त्यांचं घड्याळ. म्हणून खरं एम्युलेशन मुद्दाम हळू चालतं!

एक कायद्याची गोष्ट. खेळ जुना झाला म्हणून फुकट होत नाही. आपल्या कायद्यात संगणक प्रोग्रॅम ही साहित्यकृती मानली जाते आणि लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतरही 60 वर्षं राहतो. मालकानं मोकळा केलेला किंवा आपण विकत घेतलेला खेळच वापरावा.

आता मूळ प्रश्न. पडद्यावर जो राजपुत्र उडी मारतो, तो खेळ 'तोच' की त्याची नक्कल? आमच्या आंधळगावात कोसा विणतात. करवतीच्या दात्यांसारखा काठ असलेली करवतकाठी साडी या भागाची ओळख आहे. तसाच काठ यंत्रमागावर काढला, तर विणकर ती साडी 'तीच' म्हणेल का? नाही म्हणणार. तिथे हात, माग आणि सूत हे वस्तूचंच अंग आहेत. पण एखादं नाटक झाडीपट्टीत रात्रीमागून रात्री वेगवेगळ्या गावांत होतं. नट बदलतो, मंडप बदलतो, तरी आपण नाटक तेच म्हणतो. नेल्सन गुडमन या अमेरिकन तत्त्वज्ञानं 1968 मध्ये कलाकृतींचा जवळपास असाच भेद मांडला: काही कृती त्यांच्या उत्पत्तीला बांधलेल्या, तर काही लिखित संहितेतून पुन्हा उभ्या राहणाऱ्या.

आमच्या मते खेळ नाटकाच्या बाजूचा आहे. त्याची संहिता अक्षरशः तीच आहे, एक बिटही बदललेला नाही, आणि दाबलेल्या कळीला मिळणारं उत्तरही तेच आहे. काचेच्या नळीच्या पडद्याची चमक गेली, फ्लॉपीची घरघर गेली, हे खरं. पण तो मंडप होता.

मात्र संहिता उरली तरी ती चालवणारा उरायला हवा. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीत लिहून ठेवले. पोथ्या शाबूत होत्या, पण किल्ली पंथाबाहेर नव्हती, म्हणून इतिहासाचार्य राजवाड्यांनी ती लिपी उलगडेपर्यंत बाहेरच्यांना त्या मुक्याच होत्या.

आज तशाच मुक्या पोथ्या आपल्या कपाटांत आहेत. डॉसवर मराठी लिहायचं तर पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड मशीनमध्ये बसवत. त्यामुळे डॉसच्या पडद्यावर देवनागरी उमटे. अक्षरांचे क्रमांक 'इस्की' या मानकाचे, ते 1991 मध्ये भारतीय मानक झालं. नुसता इस्की मजकूर आज युनिकोडमध्ये आणता येतो, कारण युनिकोडची देवनागरी मांडणी इस्कीवरच आधारलेली आहे. पण मजकूर एखाद्या जुन्या प्रोग्रॅमच्या स्वतःच्या रचनेत अडकला असेल, तर तो प्रोग्रॅम चालायला हवा, आणि त्याला कार्ड हवं. साउंड ब्लास्टरची नक्कल जगभरच्या हौशी लोकांनी केली, कारण त्यांना खेळायचं होतं. डॉसबॉक्समध्ये जिस्ट कार्ड नाही, कारण ते मागणारं कुणी पुढे आलं नाही.

म्हणून आमची विनंती एवढीच: घरात, वाचनालयात, छापखान्यात मराठी मजकुराच्या फ्लॉप्या असतील, तर त्यांची जशीच्या तशी डिजिटल प्रत आधी काढून ठेवा. चुंबकीय थर वर्षागणिक विरतो. वाचणारं यंत्र उद्याही उभारता येईल, विरलेली संहिता पुन्हा आणता येणार नाही. आणि ज्या तरुणांना प्रोग्रॅमिंग येतं, त्यांनी खेळ चालवून झाला की या कामाकडे वळावं.

आज इथे थांबू.