परवाना कीं हक्क ?

कर जड आहे कीं हलका, एवढ्याचाच विचार आपण बहुधा करितों. आणि ज्याच्या गल्ल्यांतून पैसा जावयाचा त्यानें तो करावा हें साहजिकच आहे. परंतु कराची खरी परीक्षा केवळ रकमेवरून होत नाहीं. तो कशावर बसविला, कसा वसूल केला, आणि बसवितांना देणाराचें मत विचारलें कीं नाहीं, हे तीन प्रश्न रकमेहून अधिक महत्त्वाचे आहेत. ऑस्ट्रेलियांतील व्हिक्टोरिया वसाहतींत १८५१ पासून १८५५ पर्यंत सोन्याच्या शोधासंबंधानें जे नियम झाले, मोडले व पुन्हा झाले, त्यांत या तिन्ही प्रश्नांचीं उत्तरें इतक्या स्पष्टपणें मिळतात कीं, तो इतिहास वाचकांपुढें मांडणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

प्रथम बक्षिसांची गोष्ट. १८५१ सालीं शेजारच्या न्यू साउथ वेल्स वसाहतींत बॅथर्स्ट गांवाच्या बाजूस सोनें सांपडल्याची वार्ता पसरली, आणि मेलबर्न शहरांतील माणसें तिकडे धांवूं लागलीं. दुकानें ओस पडतील या धास्तीनें शहरांतील व्यापारी व प्रतिष्ठित मंडळींनीं एक कमिटी नेमून, दोनशें मैलांच्या आंत किफायतशीर सोनें दाखवून देणारास २०० गिनींचें बक्षीस जाहीर केलें. थोड्याच महिन्यांत क्लून्स, बॅलरॅट, बेंडिगो या ठिकाणीं सोनें निघालें. उत्तेजन दिल्यानें शोध वाढतो यांत संशय नाहीं. पण बक्षीस कोणाच्या पदरांत पडतें हेंहि पाहिलें पाहिजे. न्यू साउथ वेल्सच्या सरकारनें एडवर्ड हारग्रेव्ह्ज यास दहा हजार पौंड दिले. वास्तविक ऑफीर येथील किफायतशीर सोनें काढिलें तें जॉन लिस्टर व टॉम बंधु यांनीं. हारग्रेव्ह्जनें त्यांस सोन्याची माती धुण्याचा पाळणा दाखविला होता. या सर्वांस मिळून एक हजार पौंड पावले. १८९० सालीं पार्लमेंटाच्या कमिटीनें चौकशी आरंभिली व अखेर पहिला मान लिस्टर व टॉम यांसच दिला. पण बिचारा लिस्टर साक्ष देण्यापूर्वींच वारला होता. सरकार-दरबारीं ज्याचें तोंड आधीं पोंचतें त्याच्या हातीं थैली, आणि ज्याच्या हातांस माती लागते त्याच्या हातीं चाळीस वर्षांनीं निकालाचा कागद !

याहून शहाणपणाचा नियम न्यूझीलंडमधील ओटागो प्रांतानें केला. १८६२ सालीं हार्टली व रायली या दोघांनीं सत्याऐंशी पौंड वजनाचें सोनें डनेडिन शहरांत आणून टाकिलें, तेव्हां प्रांतिक सरकारनें त्यांस दोन हजार पौंड कबूल केले; मात्र अट अशी कीं, त्यांनीं दाखविलेल्या जागेंतून तीन महिन्यांत सोळा हजार औंस सोनें यावें. फळ मोजून पैसा देणें ही हिशेबी रीत कोणत्याहि व्यापाऱ्यास पटेल.

आतां कराकडे वळूं. भूमींतील सोनें हें राजाचें, या इंग्रजी कायद्याच्या जुन्या तत्त्वावर बोट ठेवून सरकारनें जाहीर केलें कीं, परवान्यावांचून कोणीं खणूं नये. परवान्याची फी दरमहा तीस शिलिंग, म्हणजे दीड पौंड. ती सोन्यावर नव्हती, खणण्यावर होती. एकाच्या खड्ड्यांत गोळे निघोत आणि दुसऱ्याच्या खड्ड्यांत चिखल निघो, दोघांचें देणें सारखें ! दुकानदारानें सकाळीं फळी उघडली कीं विक्रीपूर्वींच नफ्याचा कर घ्यावा, तसाच हा प्रकार. नशिबावर कर बसविणारें हें शास्त्र आम्हांस तरी समजत नाहीं. १८५१ च्या डिसेंबरांत गव्हर्नर ला ट्रोब यांनीं फी दुप्पट करण्याचें ठरविलें. खाणकऱ्यांची प्रचंड सभा भरली आणि ठराव परत घ्यावा लागला. १८५३ सालीं बेंडिगोच्या लोकांनीं हजारों सह्यांचा अर्ज पाठविला. फी थोडी उतरली. तत्त्व जेथल्या तेथें राहिलें.

सरकारची बाजूहि सांगितली पाहिजे. हजारों माणसें रानांत जमलेलीं. पोलिस, रस्ते, सोनें पोंचविण्यास पहारा, या सर्वांस खर्च होता आणि खजिना रिता होता. पैसा हवा होता हें खरें. पण वसुलीची रीत पहा. परवाना सदैव अंगावर बाळगावयाचा. खोल खड्ड्यांत पाण्यानें भिजून तो फाटला तरी सबब चालावयाची नाहीं. नसला तर दंड, आणि दंडाचा अर्धा हिस्सा पोलिसांस ! ज्या शिपायाचें पोट दंडावर भरतें त्यास गुन्हेगार शोधावे लागत नाहींत, ते त्यास दिसूं लागतात. १८५४ सालीं गव्हर्नर हॉथॅम यांनीं आठवड्यांतून दोनदां तपासणीचा हुकूम सोडला. लोक या तपासणीस शिकार म्हणूं लागले.

आणि ज्यांची शिकार होई त्यांस कायदेकौन्सिलांत मत नव्हतें. ११ नोव्हेंबर १८५४ रोजीं बॅलरॅटच्या रिफॉर्म लीगनें मागणी केली ती परवाना बंद करण्याची, तशीच प्रत्येक प्रौढ पुरुषास मताधिकार देण्याची. महिनाअखेर परवान्यांची होळी झाली. खाणकऱ्यांनीं युरेका येथें लांकडांचें कुंपण घातलें. ३ डिसेंबरच्या पहाटे, रविवारीं, सैन्यानें तें घेतलें. निदान बावीस खाणकरी व काहीं शिपाई मेले. पुढारी पीटर लॉलर याचा डावा हात गेला. त्याच्या शिरावर सरकारनें २०० पौंड लाविले. तीन वर्षांपूर्वीं त्याच वसाहतींत सोनें दाखविणारास जवळजवळ तितकाच मोल लाविला होता !

पुढें जें झालें तें कायद्याच्या विद्यार्थ्यानें विसरूं नये. तेरा जणांवर राजद्रोहाचे खटले झाले, आणि मेलबर्नच्या ज्यूरींनीं एकालाहि दोषी ठरविलें नाहीं. सरकारी कमिशननें १८५५ सालीं सांगितलें कीं, मासिक परवाना काढून टाकावा आणि बाहेर जाणाऱ्या सोन्यावर औंसामागें अडीच शिलिंग जकात घ्यावी. ज्याला सोनें मिळालें त्यानेंच द्यावें, आणि तें बंदरावर द्यावें. खड्ड्याखड्ड्यांत शिपाई कशाला? परवान्याच्या जागीं वर्षास एक पौंडाचा नवा कागद आला. त्याचें नांव ‘खाणकऱ्याचा हक्क’. तो धारण करणारास जागेचा ताबा मिळे, मत मिळे, आणि खाणींचे स्थानिक नियम करणारीं कोर्टें निवडितां येत. त्याच वर्षीं लॉलर कौन्सिलांत बसला, आणि १८८० सालीं व्हिक्टोरियाच्या असेंब्लीचा अध्यक्ष झाला. कागद पहिल्याप्रमाणेंच कागद होता. पण परवाना म्हणजे दुसऱ्याची मेहेरबानी, आणि हक्क म्हणजे आपली मालकी. पैसा तेव्हांहि द्यावा लागलाच; मान खालीं घालून द्यावा लागला नाहीं.

हें चित्र सर्वस्वीं उजळ आहे असें मात्र कोणीं समजूं नये. त्याच १८५५ सालीं जहाजानें येणाऱ्या प्रत्येक चिनी माणसावर दहा पौंड कर बसला. तो चुकविण्यासाठीं हजारों चिनी दक्षिण ऑस्ट्रेलियांतील रोब बंदरीं उतरून शेंकडों मैल पायीं चालत गेले. ज्या मूळ रहिवाशांच्या भूमींतून सोनें निघालें त्यांस ना बक्षीस, ना हिस्सा. काल ज्यांनीं जुलमाविरुद्ध हात उचलला त्यांनींच आज दुसऱ्यावर तो उचलावा, यापरती लाजिरवाणी गोष्ट नाहीं. हक्क कातडीचा रंग पाहूं लागला कीं त्याचा पुन्हा परवाना होतो.

आपल्याकडील कोलारची खाण याच कसास लावून पहावी. न्यूझीलंडच्या लढाईंत शिपाईगिरी केलेल्या लॅव्हेलनें १८७५ सालीं म्हैसूर सरकारकडून शोधाची सवलत मिळविली. १८८० पासून लंडनच्या जॉन टेलर कंपनीनें कारभार हातीं घेतला. सवलत भांडवलास मिळाली. कामकऱ्याच्या हातीं ‘हक्क’ नांवाचा कागद कधींच पडला नाहीं. १८५६ नव्हे, १९५६ सालीं खाणी सरकारी झाल्या, आणि २००१ सालीं बंद पडल्या. वसाहतींतील घरें व बेकार कामकरी तेवढे मागें उरले.

यावरून आम्ही एवढेंच म्हणतों : बक्षीस द्यावयाचें तर फळ मोजून आणि खरा कर्ता शोधून द्यावें, कर घ्यावयाचा तर लाभावर घ्यावा, आशेवर नव्हे, आणि ज्याच्याकडून घ्यावयाचा त्यास प्रथम बोलूं द्यावें. व्हिक्टोरियाच्या सरकारास हा धडा शिकण्यास चार वर्षें व बावीस प्रेतें लागलीं. तोच धडा सभेंत बसून, अर्ज वाचून शिकतां आला असता.