आज विमान जाणार नाही!

मुक्तिनाथला निघालेले रुग्ण माझ्याकडे फिटनेस सर्टिफिकेट मागायला येतात. रक्तदाब, साखर, ईसीजी पाहून झाले की मी विचारतो, ‘हातात मोकळे दिवस किती ठेवलेत?’ बहुतेकांनी एकही ठेवलेला नसतो.

नेपाळमधील पोखरा ते जोमसोम हे अंतर विमानाने जेमतेम वीस मिनिटांचे. पण वाट अन्नपूर्णा आणि धौलागिरी यांच्यामधल्या काली गंडकीच्या खोल दरीतून जाते. ऊन चढले की मुस्तांगचा उजाड मुलूख तापतो, तिथली हवा वर उठते आणि तिची जागा घ्यायला दक्षिणेकडची हवा अरुंद दरीतून जोराने घुसते. म्हणून तिथली उड्डाणे सकाळीच उरकतात. दोन्ही टोकांना आकाश स्वच्छ असून भागत नाही. छोट्या विमानाचा वैमानिक डोंगर नजरेसमोर ठेवून उडतो. मधल्या दरीत ढग असेल, तर तोच दिसत नाही.

29 मे 2022 रोजी सकाळी दहाच्या सुमारास निघालेले विमान याच मार्गावर कोसळले. विमानातील सर्व 22 जण दगावले. त्या वेळी दरीत ढग होते.

शस्त्रक्रियेच्या दिवशी रुग्णाला ताप असला, तर आम्ही ती पुढे ढकलतो. नातेवाईक चिडतात, तरीही ढकलतो. वैमानिकाचा नकारही तसाच समजा. सकाळच्या पहिल्या विमानाचे तिकीट काढा, दोन दिवस राखून ठेवा, चार दिवसांची जादा औषधे हातातल्या पिशवीत ठेवा. आणि ‘आज विमान जाणार नाही’ म्हटल्यावर काउंटरवर हुज्जत घालू नका.